डाव्या हाताची पद्धत

माघ वद्य ४, शके १८५९, भोर

आज व्यायामशाळेच्या मंडळाच्या बैठकीतून मी अर्ध्यावर उठून आलो. उठलो ते बरेच केले. बसलो असतो तर बापूसाहेब वकिलांना काहीतरी तोडून बोललो असतो, आणि ते पडले आमचे अध्यक्ष.

बापूसाहेब गेल्या महिन्यात एका पक्षकाराच्या कामासाठी वेल्ह्याला गेले होते. तिथल्या जत्रेत त्यांनी कोणा हरिबा नावाच्या धनगराला काठी चालवताना पाहिले. चार झिंगलेले गडी त्याच्या अंगावर गेले आणि त्याने एकालाही जखम न करता चौघांना खाली बसवले म्हणे. झाले, वकीलसाहेब भाळले. "श्रीपादराव, सध्या त्याची मेंढरं इथंच नीरेच्या काठी शेतात बसली आहेत. रामनवमीपर्यंत तो आपल्या पोरांना शिकवील. तुम्हालाही मदत होईल."

मला मदत. अकरा वर्षे ही शाळा मी उभी केली. हायस्कुलातली ड्रिलमास्तरकी सांभाळून रोज संध्याकाळी दोन तास. गुरू मिळाला नाही म्हणून रडत बसलो नाही. बडोद्याकडून आलेल्या एका प्रवाशाने काठीचे एक छापील पुस्तक दिले, त्यावरून शिकलो. मजकूर गुजराती, तो मला येत नाही. पण चित्रे चांगली छप्पन्न आहेत आणि आकडे समजतात. पुस्तक खुंटीला अडकवायचे आणि चित्रातल्या मिशाळ गृहस्थासमोर उभे राहायचे. त्याची काठी ज्या बाजूला, त्याच बाजूला आपली. आरशापुढे उभे राहावे तसा दोन वर्षे मी त्याच्यापुढे उभा राहिलो. या पद्धतीत डावा हात वर आणि डावा पाय पुढे असतो. गावातले जुने तालीमबाज हसायचे. मी त्यांना सांगितले, उजवा हात कोणाचाही चालतो, डावा चालवणे हेच शास्त्र. मग ते गप्प झाले.

आता यंदाच्या रामनवमीला वाईकडची व्यायामशाळा येणार आहे. तीही याच पुस्तकाची पद्धत शिकवते. त्यांचे तीस आणि आमचे तीस, अशा साठ जणांची राजवाड्यापुढे एकत्र कवाईत व्हायची आहे. ती नीट झाली तर दरबारातून शाळेला स्वतःची जागा मिळेल, असे बापूसाहेबांना शब्द मिळालेला आहे. आणि ऐन अशा वेळी मेंढपाळ.

शिट्टी मात्र माझ्याच तोंडात राहील, हे मी बाहेर पडताना सर्वांना ऐकू जाईल असे सांगितले.

माघ वद्य ९

आला. पन्नाशीचा, सडपातळ, खांद्यावर घोंगडी. वहाणा बाहेर काढून तालमीतल्या मारुतीच्या उंबऱ्याला हात लावला आणि भिंतीशी बसून मुकाट्याने आमचा सराव पाहिला. मी मुद्दाम काठीच्या पहिल्या हातापासून विसाव्यापर्यंत सगळे करून घेतले. नेहमीप्रमाणे मी पोरांकडे पाठ करून पुढे उभा, म्हणजे माझा डावा तो त्यांचा डावा.

संपल्यावर म्हणतो, "मास्तर, ही समदी पोरं डावरी हाईत व्हय?"

पोरे फिदीफिदी हसली. मी म्हणालो, "ही पद्धत आहे. छापील पुस्तक आहे तिचे."

"छापल्यालं हाय व्हय," तो म्हणाला. "मंग आसंल."

एवढे बोलून माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिला. ते पाहणे मला अजिबात आवडले नाही.

फाल्गुन शुद्ध २

आठ दिवस झाले, या माणसाने एकही हात शिकवलेला नाही. पोरांना नदीकाठच्या दगडगोट्यांवरून काठी आडवी धरून चालवतो. मूठ सैल ठेवायची, काठी पडता कामा नये. आणि वर उपदेश: "काठीकडं बघू नगा. समोरच्याच्या पायाकडं बघा. हातानं मानूस फसवंल, पायानं न्हाई फसवायचा."

छप्पन्न चित्रांत पायांकडे बघा असे कुठेही दाखवलेले नाही. मजकुरात असेल तर ठाऊक नाही.

सगळ्यांत राग येतो तो बंडूचा. कचेरीत नक्कलनवीस आहे, बावीस वर्षांचा, अक्षर मोत्यासारखे, घरी विधवा आई. सोळाव्या वर्षापासून माझ्याकडे. माझा सगळ्यांत चांगला गडी, आणि हाच त्या हरिबाच्या मागे मागे. काल त्याला विचारले, "काय रे, मेंढरे वळायला शिकतोस का?" मान खाली घालून म्हणाला, "त्यांचं चालणं फार चांगलं आहे, मास्तर." एवढे माझ्या चालण्याचे कौतुक सहा वर्षांत केले नाही.

फाल्गुन शुद्ध ७

आज कडाक्याचे भांडण. माझा तास संपल्यावर हरिबा पोरांना उजवा हात वर धरून तेच हात करायला लावतो, हे मला आज कळले. किती दिवस चालले आहे देव जाणे. सगळ्यांदेखत विचारले, "हे काय चालवले आहेस तू?"

"डोंगरात वाट कदी उजवीकडनं ढासळती, कदी डावीकडनं," तो म्हणाला. "काठी दोनी हातात चालाया पायजे, मास्तर. म्या काय तुमचं मोडीत न्हाई. त्याच्याच शेजारी आनिक यक ठिवतुया."

मी सांगितले, माझ्या शाळेत शेजारी काही ठेवायचे नाही. त्याने "बरं" म्हटले. हा माणूस भांडतही नाही. भांडला असता तर मला जरा बरे वाटले असते.

घरी आलो तर बायकोने, सौदामिनीने, विचारले, इतके तोंड का फुगले आहे. तिला पुस्तक काढून दाखवले की बघ, इथे स्पष्ट चित्र आहे. तिने चित्र निरखले आणि म्हणते, "हा तर तुमच्याकडे तोंड करून उभा आहे. मग याचा हा हात कुठला?" मी म्हणालो, चुलीवर दूध आहे तिकडे बघ. ज्याने त्याने शहाणपणा शिकवायचा मक्ता घेतला आहे.

फाल्गुन वद्य ५

रंगपंचमी. आज मात्र झोप चांगली लागेल.

पोरे रंग खेळून ओलीचिंब होऊन तालमीत आली होती. हरिबा होताच. मी म्हटले, होऊन जाऊ दे एकदा, तू आणि मी, सगळ्यांसमोर. तो नको नको म्हणत होता. "कशापायी मास्तर? सणाचा दीस हाय." मी काठी त्याच्या पायाशी टाकली. शेवटी त्याने उचलली.

पहिल्या फटक्यालाच त्याची काठी माझ्या उजव्या खांद्यापाशी आली आणि तिथेच थांबली. घाबरला असावा. पुन्हा सुरू केले, पुन्हा तिथेच आली, पुन्हा थांबली. तिसऱ्या वेळी मी डाव्या हाताने काठीचा सणसणीत तमाचा ठेवून दिला, तो त्याच्या कोपरावर बसला. त्याने काठी खाली ठेवली, मला नमस्कार केला आणि म्हणाला, "जिकला मास्तर तुमी."

जिंकलो. पण आमच्या एकाही गाढवाला टाळी वाजवायचे सुचले नाही. सगळे माझ्या उजव्या खांद्याकडे बघत उभे. बंडूचे डोळे तर भरून आल्यासारखे दिसले. रंग गेला असेल.

चैत्र शुद्ध १, शके १८६०

पाडवा. गुढी उभारली. बंडू सकाळीच नमस्काराला आला. म्हणाला, "मास्तर, वाईकरांना दोन दिवस आधी बोलावून एकदा बरोबर सराव केला तर?"

मी म्हणालो, "अकरा वर्षांचा सराव तुला कमी वाटतो काय?"

"तसं नाही मास्तर. एकाच पुस्तकाचे असले तरी त्यांचे हात थोडे..."

"त्यांचे हात काय?"

दारात दोनदा थांबला. त्याला आणखी काहीतरी सांगायचे होते, मी सांगू दिले नाही. सणाच्या दिवशी सकाळी सकाळी कोणाचे रडगाणे ऐकायचे.

चैत्र शुद्ध ८

वाईकर आले. दुपारी यायचे ते मोटार बिघडल्यामुळे दिवे लागायच्या वेळी पोचले. त्यांचे शिक्षक चिमाजीराव म्हणून आहेत, माझ्याच वयाचे, गोड बोलतात. दोन वर्षे बडोद्याला राहून शिकले आहेत. जेवणे व्हायच्या आधी त्यांच्या चौघांनी अंगणात हात मोकळे केले. पाहतो तर चौघेही उजव्या हाताचे.

मला हसू आले. इतके लांब जाऊन, प्रत्यक्ष शिकून, हे लोक उलटेच शिकून आले. पाहुण्यांना आल्याआल्या काय बोलायचे म्हणून गप्प राहिलो. उद्या साठांत आमचे तीस पाहिले म्हणजे त्यांना आपोआप कळेल.

बापूसाहेबांनी एक बरे सुचवले आहे: रांगा वेगळ्या ठेवायच्या नाहीत, एक आपला एक त्यांचा असे आलटून पालटून उभे करायचे. शोभा येईल.

हरिबाही अंगणात आला होता. त्या चौघांकडे बघत उभा राहिला आणि मग घाईघाईने आमच्या पोरांकडे गेला. मी त्याच्याकडे लक्ष दिले नाही.

चैत्र शुद्ध १०

काल लिहवले नाही. आजही राग गेलेला नाही.

पटांगण भरले होते. साठ जण पांढऱ्या चड्ड्यांत, आलटून पालटून. मी चौथऱ्यावर, तोंड त्यांच्याकडे, तोंडात शिट्टी. पहिला हात झाला. दुसरा झाला. वरून तरी साठ काठ्या एकाच बाजूने उठताना आणि एकाच बाजूने उतरताना दिसल्या. मला वाटले, काय देखणे दिसते आहे. आणि मग माझ्या लक्षात आले की त्या उजव्या बाजूने उठत आहेत. आमचीसुद्धा. माझी पोरे माझ्या डोळ्यांदेखत माझ्यावर उलटली होती.

शिट्टी वाजवून थांबवायला हवे होते. मला इतका संताप आला की मी तिसऱ्या हाताची शिट्टी जोरात फुंकली. दुसऱ्या रांगेच्या मध्यात काठीवर काठी आदळली आणि कोणीतरी ओरडले. रांग फुटली. बंडू गुडघ्यांवर बसला होता आणि शेजारचा वाईकर काठी टाकून त्याचा हात धरत होता.

उजव्या हाताची तीन बोटे मधोमध चेंगरली आहेत. डॉक्टर म्हणतात, दोन वाचवता आली तरी वळणार नाहीत. आणि हा मुलगा नक्कलनवीस.

दोन वस्तादांच्या मधे सापडून गोंधळला असणार. त्या धनगराने माझी पोरे फोडली, त्याचे हे फळ. बंडूवर मात्र रागावता येत नाही. तरी रागावतो आहे.

चैत्र शुद्ध ११

चिमाजीराव निरोप घ्यायला घरी आले. झाल्या प्रकाराबद्दल फार हळहळले. मग भीत भीत विचारले, "तुमची पोरे आम्हांला पाहून बदलली का? आम्ही आलो त्या संध्याकाळी अंगणात ती डाव्याने करत होती." मी पुस्तक त्यांच्यापुढे आपटले आणि म्हटले, डावा हीच पद्धत आहे, चुकले असाल तर तुम्ही.

त्यांनी पान उघडले आणि बोट ठेवून वाचले. "मास्तर, इथे जमणो हाथ लिहिले आहे. जमणो म्हणजे उजवा." दुसरे पान, तिसरे पान. प्रत्येक ठिकाणी जमणो. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "चित्र समोरून काढले आहे. तो माणूस आपल्याकडे तोंड करून उभा आहे."

मी त्यांना दारापर्यंत पोचवायलाही गेलो नाही.

सौदामिनी आतून ऐकत होती. बोलली असती तर मी पुस्तक चुलीत घातले असते.

अकरा वर्षे. किती पोरे. दोनशे तरी.

चैत्र शुद्ध १३

मंडळाची बैठक. बापूसाहेब म्हणाले, "चूक माझी. अकरा वर्षांची शिस्त त्या धनगराने सहा आठवड्यांत नासवली. पोरांचे हात उलटे केले, म्हणून हा अपघात. त्याला पुन्हा शाळेत पाऊल टाकू द्यायचे नाही. श्रीपादराव, तुमचे म्हणणे आम्ही ऐकायला हवे होते."

सगळे माझ्याकडे बघत होते. हरिबाला बोलावून दाराबाहेर उभे केले होते, त्याला सगळे ऐकू जात होते. मी म्हणालो, "झाले ते झाले." एवढेच. खोटे एक अक्षर बोललो नाही.

आणि तो? तो का बोलला नाही? त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते, हे आता मला लख्ख दिसते. डावरी हाईत व्हय, म्हणे. एका वाक्यात मला उघडा पाडता आले असते. घोंगडी खांद्यावर टाकली आणि निघून गेला. एवढा मोठेपणा मला नको आहे. मी कोणाकडे मागितला होता?

चैत्र वद्य २

तीन रात्री धड झोप नाही. सकाळी निघालो. हरिबाची मेंढरे आता भोंगवलीच्या शिवारात बसली आहेत असे कळले होते. निम्मी वाट मोटारीने, निम्मी पायी. ऊन मी म्हणत होते. वाटेत जाताना त्याला काय काय सुनवायचे ते घोकत होतो.

पालाशी त्याची बायको सोजराबाई भाकरी करत होती. मी कोण ते सांगितले. ती उठलीसुद्धा नाही.

"आलासा व्हय," ती म्हणाली. "आमच्या मान्साला गावानं चोरावानी हाकललं, तवा कुठं हुता मास्तर? दाराम्होरं उभा केला त्येला. कोपर आजून सुजल्यालं हाय, घास त्वांडात जात न्हाई, आन म्हनतो कसा, मास्तरला काय बोलू नगंस. म्या बोलनार."

मी म्हणालो, "बोला."

"काय बोलायचं? तुमाला सोताला न्हाई कळत?"

हरिबा कोकराला पाजून आला. घोकलेले सगळे मी विसरलो. विचारले, "पहिल्या दिवशी कळले होते ना तुम्हांला? मग सांगितले का नाही?"

"पोरांफुडं मास्तराला कसं सांगायचं?" तो म्हणाला. "पोरं मंग तुमचं कशालाच आयकली नसती. वाटलं, हळूहळू उजवा हात बी बसंल पोरान्ला, कुनाला कळायचं बी न्हाई. पर त्या सांजंला ती वाईची मान्सं उजव्यानं करताना बघितली. यकाआड यक उभं करनार, आन निम्मी हिकडनं, निम्मी तिकडनं. तीस टाळकी फुटली आसती मास्तर. मंग म्या पोरान्ला सांगितलं, उंद्या समद्यांनी उजव्यानं करायचं. समदी व्हय म्हनली."

"मग बंडूला कसे लागले? तो गोंधळला का?"

"बंडू गोंधळनारं पोर न्हाई," तो म्हणाला. "त्योच तेवडा व्हय म्हनला न्हवता. म्या त्येला कडंला उभं राह्य म्हनलं हुतं. त्ये बी त्यानं आयकलं न्हाई."

सोजराबाईने माझ्यापुढे भाकरी आणि दूध ठेवले.

चैत्र वद्य ४

तालमीत आज मंडळ आणि पोरे दोघांनाही बोलावले. पुस्तक हातात घेऊन सांगितले की अकरा वर्षे मी उलटे शिकवले, हरिबाने तीस जणांना वाचवले, आणि त्या बैठकीत मी जाणूनबुजून गप्प बसलो. बापूसाहेब मधेच उठले आणि कानाशी येऊन म्हणाले, "श्रीपादराव, जागेचा कागद अजून व्हायचा आहे. हे बोलायची काय गरज?" मी तेच सगळे पुन्हा पहिल्यापासून मोठ्याने सांगितले. पोरांपैकी एकालाही आश्चर्य वाटलेले दिसले नाही. ते बघून तर अंगाची लाही झाली.

शिट्टी बापूसाहेबांच्या हातात दिली. हरिबाला बोलवा, त्याची माफी मागा आणि शाळा त्याला द्या म्हटले. द्याल न द्याल तुमचे तुम्ही बघा.

तिथून तडक बंडूकडे. ओटीवर बसला होता, हात गळ्यात बांधलेला. समोर कचेरीतून आलेला कागद पडला होता: पुढील सूचनेपर्यंत कामावर येऊ नये. आईने मला पाट दिला आणि ती आत गेली.

मी उभ्याउभ्याच विचारले, "तुला ठाऊक होते ना, डावा चूक आहे ते?"

"हो, मास्तर."

"कधीपासून?"

"हरिबांनी उजवा हात धरायला लावला तेव्हापासून. ते बोलले काही नाहीत, पण सगळ्यांनाच कळलं."

"मग त्या दिवशी उजव्याने का केले नाहीस? मूर्खा, शेजारी वाईकर उभा होता. काठी तुझ्या हातावर येणार हे तुला दिसत होते. कडेला उभा राहायला सांगितले होते तुला."

तो जरा हसल्यासारखा झाला. "तुम्ही समोर चौथऱ्यावर होतात. सगळेच्या सगळे उलटे झाले असते तर तुम्हांला कसं वाटलं असतं? म्हटलं, एकाने तरी मास्तरांचा हात करावा."

मी त्याला म्हणालो, मला शिव्या दे. आईला बोलाव, तिला देऊ दे. तो "असं काय मास्तर" म्हणाला आणि चांगल्या हाताने पाट माझ्याकडे सरकवला. आतून त्याच्या आईने विचारले, मास्तर चहा घेतील ना.

मी बसलो. चहा घेतला. त्या घरात कोणी माझ्यावर आवाज चढवला नाही.